रुग्णालयावरील संगणकी हल्ला आणि राज्यांचे दायित्व



२३ नोव्हेंबर २०२२ रोजी याच दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची संगणकव्यवस्था खंडणीखोरांनी बंद पाडली. पाच सर्व्हरांतील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. दूरच्या प्रांतांतून आलेल्या गरीब रुग्णांची नोंदणी आणि तपासण्यांचे अहवाल कित्येक दिवस कागदावर चालले. जाळ्याची योग्य विभागणी केलेली नव्हती, हे सरकारनेच संसदेत सांगितले. अर्थात दाराला कडीच नव्हती!

हल्ल्याचा माग चीनपर्यंत जातो, अशा बातम्या लगोलग आल्या. परंतु यंत्राचा पत्ता सापडला म्हणजे त्या राज्याचा हात सिद्ध होत नाही. निकाराग्वा खटल्यात १९८६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बंदरांत सुरुंग पेरल्याबद्दल अमेरिकेला दोषी धरले. मात्र काँट्रा टोळ्यांच्या अत्याचारांसाठी तिचे 'प्रभावी नियंत्रण' सिद्ध व्हावे लागेल, असे म्हटले. ही कडक कसोटी तेव्हा अमेरिकेच्याच पथ्यावर पडली.

मग पीडित राष्ट्राने हात जोडून बसावे काय? नाही. कोर्फू सामुद्रधुनीच्या १९४९ च्या निकालाप्रमाणे कोणत्याही राज्याला आपली भूमी इतरांच्या हक्कांविरुद्ध जाणूनबुजून वापरू देता येत नाही. म्हणून पुरावा हाती घेऊन त्या राज्याला लेखी कळवावे, तपासात साह्य मागावे. कळवल्यानंतर 'आम्हांस ठाऊक नव्हते' ही सबब उरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१५ साली नागरी जीवनाला अत्यावश्यक यंत्रणांवर हल्ला करू नये असे ठरवले खरे, पण ते ऐच्छिक. इराणच्या नतान्झ केंद्रातील यंत्रे मोडणारा स्टक्सनेट २०१० साली उघडकीस आला. त्याबद्दल कोणत्याही राज्याला न्यायालयापुढे उभे राहावे लागलेले नाही.