विशेष शाळांचे कार्य : पॅरिसचा एक दाखला



दृष्टिहीन वा कर्णबधिर मुलांची वेगळी शाळा म्हणजे मायबापांचा भार हलका करणारे आश्रयस्थान, अशी कल्पना आपल्या समाजात रूढ आहे. ती अपुरी आहे. अशा शाळेत समदुःखी मुले एकत्र येतात, आणि गुरुजनांना जे सुचत नाही ते कधी कधी त्यांच्या सहवासातून निर्माण होते.

पॅरिस नगरीत व्हॅलेंतिन हावी या गृहस्थाने १७८५ च्या सुमारास अंध मुलांची शाळा काढली. नेहमीचीच रोमन अक्षरे उठावदार छापून ती बोटांनी वाचावयास शिकविण्याची त्याची रीत होती. हेतू उदात्त, परंतु ग्रंथ अवजड, वाचन मंद, आणि मुलास स्वहस्ते लिहिण्याची सोय जवळजवळ नाहीच. डोळ्यांसाठी घडलेली लिपी बोटांच्या माथी मारण्याचाच तो प्रकार होता, असे म्हटल्यास अन्याय होऊ नये.

१८१९ साली या शाळेत दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. बाप खेड्यातला खोगीर करणारा. त्याच्या कामाच्या जागी हत्यार लागून तिसऱ्या वर्षी मुलाचा एक डोळा गेला, पुढे दुसराही. शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची पद्धत शाळेत आली होती. पण तेवढा समूह बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावत नसे. डोळसाला हे कळावे कसे? ब्रेलने बाराचे सहा केले. पंधराव्या वर्षी, १८२४ साली, त्याची लिपी सिद्ध झाली. १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. सहा ठिपक्यांची त्रेसष्ट चिन्हे होतात. त्यांत अक्षरे, अंक आणि संगीताचे स्वरलेखनही बसते. पुढे ब्रेल तेथेच शिक्षक झाला, तरी शाळेच्या चालकांनी काही काळ या लिपीस मज्जाव केला होता. मुले ती चोरून वापरीत. फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ साली. ब्रेल १८५२ सालीच निवर्तला होता.

भारतीय भाषांसाठी समान भारती ब्रेल ठरली १९५१ साली. तीत मराठीही आली. तरीही आपल्या घराण्यांत आंधळ्या मुलास गळा असला की भजनात बसवावे, एवढ्यावर कर्तव्य संपले असे मानणारे होतेच. स्वतः ब्रेल कुशल ऑर्गनवादक होता. म्हणून त्याची अक्षराची भूक भागली नाही.

२०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. शेजारची शाळा पसंत करणाऱ्या कुटुंबाने तेथे ब्रेल शिकविणारे कोणी आहे काय, याची प्रथम चौकशी करावी. नसल्यास काही वर्षे विशेष शाळेत लिपी हाती बसू द्यावी, आणि मग मुलास घराजवळ आणावे.