फारकतीचा कागद आणि कोर्टाचा हुकूमनामा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या मंगल दिवशी घटस्फोटाचा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. परंतु याच विहारात आपण लग्नं लावतो. त्रिशरण-पंचशील घेऊन नवरा-नवरीला उभं करतो, टाळ्या वाजवतो, जेवून घरी जातो. त्यातलं एखादं लग्न मोडलं की मात्र घराचं दार लावून चार माणसांत कुजबुजत उरकतो. दार लावून उरकलेल्या व्यवहारात नुकसान हमखास बाईचं आणि लेकरांचं होतं. म्हणून हा विषय आम्ही समितीकडून मागून घेतला. आम्ही वकील नाही. सूतगिरणीत पाळ्या केल्या, सुट्टीच्या दिवशी कायद्याची पुस्तकं वाचली, समाजातल्या लेकीबाळींसोबत कोर्टाच्या पायऱ्या चढलो. त्यातून जे कळलं तेवढंच सांगतो.

सातारा असो की सांगली, गावोगावची रीत एकच. नवरा-बायकोचं पटेना झालं की दोन्हीकडची भावकी बसते. शंभराचा नाहीतर पाचशेचा स्टॅम्प पेपर आणतात. "उभयतांच्या राजीखुशीने फारकत घेत आहोत, एकमेकांवर काही हक्क राहिला नाही" असं लिहितात. खाली मुलीचा अंगठा, पंचांच्या सह्या. वर्षाच्या आत नवरा दुसरं लग्न करतो. सगळ्यांना वाटतं, सुटलो.

बंधूंनो, या कागदाने लग्न मोडत नाही. नोटरीचा शिक्का मारला तरी मोडत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे. त्याप्रमाणे लग्न मोडायचं तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कलम २९ ती रूढी मानतं, हे खरं. पण ती रूढी अखंड चालत आली हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. आणि आपण तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जुन्या रूढींचं गाठोडं नागपूरला टाकून आलो. मग गरज पडली की जातपंचायतीची काडीमोड त्या गाठोड्यातून कशी काढता येईल?

इथे तरुण पोरं विचारतात, "आपण हिंदू नाही, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा?" प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या कलम २ मध्येच लिहिलं आहे, की हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. वेगळ्या बौद्ध विवाह कायद्याची मागणी समाजात आहे. ती पदरात पडेपर्यंत आपल्या लेकीला आधार याच कायद्याचा. आणि त्याची मुळं कुणाच्या कष्टात आहेत ते विसरू नका. एकपत्नीत्व, घटस्फोट, मुलीला वारसा या गोष्टी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घातल्या. ते बिल रखडवलं गेलं. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. पुढे १९५५ आणि १९५६ साली त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. तेव्हा कोर्टात जाणारी बाई घराण्याची अब्रू घालवते, असं निदान आपण तरी म्हणू नये.

फारकतीच्या कागदाने नंतर काय होतं ते पाहा. कोर्टाचा हुकूम नसेल तर पहिली बायको कायद्याने बायकोच राहते. दुसरं लग्न रद्दबातल. शिवाय तो गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ४९४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८२ आहे. नवरा वारला की पेन्शनच्या, जमिनीच्या कागदांसाठी दोन बाया दोन दारांनी येतात. साहेब विचारतो, "घटस्फोटाचा हुकूम कुठाय?" तेव्हा दुसरीच्या हातात काही उरत नाही. तिची तरी काय चूक? तिला तर पंचांनी सांगितलं होतं की पहिलीची सोडचिठ्ठी झाली. तिच्या लेकरांना मात्र कायदा औरस मानतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं, की अशा मुलांना आई-बापाच्या मालमत्तेत, बापाच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित हिश्श्यातसुद्धा, वाटा आहे. इतर भावकीच्या मालमत्तेत नाही.

मग सरळ मार्ग कोणता? दोघांचं एकमत असेल तर कलम १३-ब खाली संमतीचा घटस्फोट. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करावा. सहा महिन्यांनी कोर्ट पुन्हा विचारतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की योग्य प्रकरणात ही सहा महिन्यांची अट कोर्ट माफ करू शकतं. एकमत नसेल तर कारण सिद्ध करावं लागतं : छळ, व्यभिचार, दोन वर्षं टाकून देणं वगैरे. कुष्ठरोग हे कारण २०१९ साली काढून टाकलं. बाई जिथे राहते, म्हणजे बहुधा माहेरी, तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो. हुकूम झाल्यावर अपिलाची नव्वद दिवसांची मुदत असते, ती संपण्याआधी हळदीचा विचार करू नये.

आता लेकरांचं. "पोरगं आमच्या वंशाचं, इथंच राहील" असं सासरा ओरडून सांगतो आणि सगळे गप्प बसतात. १९५६ च्या पालकत्व कायद्यात वंश नाही, लेकराचं कल्याण मोठं. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईजवळ राहावं, असं त्यात स्पष्ट आहे. त्यापुढच्या वयात कोर्ट शाळा, घर, माया, सवय आणि समजत्या वयाचं मूल असेल तर त्याची इच्छाही बघतं. पालक म्हणून आईचा नंबर बापाच्या "नंतर" लागतो, असं म्हणत असत. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की "नंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, बाप लक्ष देत नसेल तरीही आई पालक आहे. भीमाबाई सातारला वारल्या तेव्हा लहानग्या भीमरावांना आत्या मीराबाईंनी वाढवलं. लेकराला माया कुठे मिळते, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. आणि ताबा आईकडे गेला म्हणून बापाची खर्चाची जबाबदारी सुटत नाही, तसा बापाला भेटण्याचा हक्कही सुटत नाही.

मालमत्तेबद्दल मोठा गैरसमज आहे. सिनेमात पाहून बाया समजतात, घटस्फोट झाला की नवऱ्याच्या इस्टेटीत निम्मा वाटा. आपल्या कायद्यात तसं नाही. बाईला मिळते ती पोटगी, मासिक किंवा एकरकमी. तिचं स्त्रीधन, म्हणजे माहेरचं-सासरचं अंगावर घातलेलं सोनं, भांडी, हे तिचंच. सासरच्या घरात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिला. घर सासू-सासऱ्याच्या नावावर असलं तरी तो मागता येतो, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हा निकालही २०२० चाच. घटस्फोट झाला की बाई नवऱ्याची वारस राहत नाही. मुलं राहतात. म्हणून "काही हक्क राहिला नाही" या ओळीवर अंगठा देताना मुलांचा हक्क आईला सोडता येत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

आणि बायांनो, खरा वाटा आहे तो माहेरी. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो सगळ्या मुलींना मिळाला. त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हे ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने ठरलं. आपल्यापैकी बऱ्याच घरांची जमीन म्हणजे जुनं महार वतन. १९५८ च्या कायद्याने वतन गेलं, जमीन नव्या शर्तीने परत मिळाली. ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, पण वारस म्हणून लेकीचं नाव सातबाऱ्यावर लागतं. भाऊबीजेला साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ आपल्यातही आहेत. तीच बहीण उद्या दोन लेकरं घेऊन दारात आली की तिला ओझं म्हणतात. जिच्या हक्काची जमीन आहे ती ओझं कशी?

कोर्टाचा खर्च कोण करणार, असं विचाराल. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रिया, मुलं, अनुसूचित जातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १५१०० या नंबरवर फोन करता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, तेव्हा अपिलासाठी मुंबईची गाडी धरावी लागत नाही. आपल्या भागात या प्रश्नावर झगडलेली माणसंही आहेत. कासेगावच्या इंदूताई पाटणकरांनी टाकलेल्या बायांचा प्रश्न स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीतून लावून धरला. साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांचं दलित महिला विकास मंडळ काम करतं.

शेवटी समितीपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. एक, विहारात लागणाऱ्या प्रत्येक लग्नाची वही ठेवावी, वयाचे दाखले आणि साक्षीदारांच्या सह्यांसह. दोन, महिन्याच्या आत ते लग्न ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवून घेण्यास कुटुंबाला भाग पाडावं. तीन, वधू किंवा वर यांचं आधी लग्न झालेलं असेल तर कोर्टाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला पाहिल्याशिवाय लग्न लावू नये. मग तो माणूस समितीचा असो, देणगीदार असो, नाहीतर आमच्या भावकीतला असो. तिसरी विनंती कडू आहे. तिच्यामुळे काही लोक रागावतील, दुसऱ्या विहारात जातील. जाऊ द्या. एका बाईचं घर वाचलं तरी पुष्कळ झालं.