वारा, शाळा आणि एक राष्ट्र



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या कै. सरांनी इंदूरच्या या शाळेत हयातभर पदार्थविज्ञान शिकविले, आणि तेही मराठीतून. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मय बाजूला ठेवून पवनचक्क्यांवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आज ज्या देशाविषयी मी बोलणार आहे, त्याच्या ऊर्जापरिवर्तनाची कथा एका शाळेतून सुरू होते. आणि ती शाळा भाषेच्या प्रश्नातून जन्मली होती.

हा देश म्हणजे डेन्मार्क. लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला व किमती भडकल्या, तेव्हा या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. त्या हिवाळ्यात रविवारी खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यास सरकारने बंदी घातली. आज त्याच देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज एकट्या वाऱ्यापासून मिळते. हे घडले कसे, याचे उत्तर बहुतेक जण १९७३ पासून शोधू लागतात. मला ते आणखी शतकभर मागे जाऊन शोधावेसे वाटते.

१८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग प्रांत गमावला. त्या प्रांतातील रेडिंग या गावी ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ साली पहिले लोकविद्यालय निघाले होते. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांना त्यांच्याच भाषेत, परीक्षेचा धाक न घालता शिकवावे, ही त्यामागील कल्पना. सीमा सरकली आणि शाळा परराज्यात गेली. तेव्हा तेथील शिक्षकांनी नव्या सीमेच्या अलीकडे, आस्को येथे, १८६५ मध्ये ते कार्य पुन्हा मांडले. राज्याच्या सीमेने भाषा आणि शाळा यांची ताटातूट होणे म्हणजे काय, हे बृहन्महाराष्ट्रातील आपणांस वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या आस्कोच्या विद्यालयात १८७८ साली पोल ला कूर नावाचे वेधशास्त्रज्ञ शिक्षक म्हणून आले. राजधानीतील हवामानसंस्थेची नोकरी सोडून ते खेड्यात आले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विजेचे दिवे शहरांत लागतील आणि खेडी अंधारात राहतील, ही त्यांची चिंता होती. १८९१ मध्ये त्यांनी सरकारी साहाय्याने शाळेच्या आवारात प्रायोगिक पवनचक्की उभारली. वारा नसेल तेव्हा काय, हा आज विचारला जाणारा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की वाऱ्याच्या विजेने पाण्याचे विघटन करावयाचे, हायड्रोजन साठवावयाचा आणि त्यावर शाळेचे दिवे लावावयाचे. कधी स्फोट होऊन खिडक्यांची तावदाने फुटत, ती पुन्हा बसवावी लागत. ज्या शाळेच्या चालकांनी ही तावदाने सोसली, त्यांचेही श्रेय मोठे मानले पाहिजे. पुष्कळ रुंद पात्यांपेक्षा थोडी व वेगाने फिरणारी पाती वीजनिर्मितीस अधिक उपयुक्त, हे ला कूर यांनी प्रयोगाने दाखवून दिले. पुढे १९०४ पासून त्यांनी ग्रामीण वीजतंत्रींचे वर्ग चालविले.

त्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक विद्यार्थी होता. त्याने उतारवयात, १९५७ साली, गेडसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. ती सुमारे दहा वर्षे चालली. स्वस्त तेलाच्या काळात तिची उपेक्षा झाली, ती बंदही पडली. पण तेलसंकट आल्यावर जगाला तिची आठवण झाली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या साहाय्याने तिची मोजमापे पुन्हा घेण्यात आली. ज्ञान असे पिढ्यांमधून झिरपत असते. त्याच दशकात ट्विंड येथील शाळांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी प्रचंड पवनचक्की बांधली. १९७८ मध्ये ती फिरू लागली. त्या शाळासमूहाच्या धुरीणांविषयी पुढे गंभीर वाद झाले, तो विषय निराळा.

सरकारचा मार्ग मात्र आरंभी वेगळा होता. तेलाला पर्याय म्हणून अणुवीज केंद्रांची योजना आखली गेली. लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारले, हसऱ्या सूर्याचा बिल्ला छातीवर लावला, आणि मार्च १९८५ मध्ये संसदेने अणुवीज आपल्या नियोजनातून वगळली. केवळ 'नको' म्हणून ते थांबले नाहीत. १९७९ पासून पवनचक्की घेणाऱ्यास खर्चाच्या तीस टक्के अनुदान मिळू लागले. ते क्रमाने घटवून दहा वर्षांनी बंद करण्यात आले. गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर भाग घेतले. कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या मिडेलग्रुंडेन येथील २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. खिडकीतून दिसणारे चाक आपल्या मालकीचे असले, म्हणजे त्याचा आवाज कानास फारसा बोचत नाही!

वाऱ्याइतकीच महत्त्वाची, पण छायाचित्रात न येणारी दुसरी बाजू काटकसरीची आहे. औष्णिक केंद्रात इंधनातील उष्णतेचा मोठा भाग पाण्याबरोबर वाया जातो. १९७९ च्या कायद्यानंतर डेन्मार्कने ही उष्णता नळांतून घरोघर नेण्याची व्यवस्था पद्धतशीर वाढविली. आज सुमारे दोनतृतीयांश घरे तीवर ऊब घेतात. भिंतींना आणि छपरांना उष्णतारोधक अस्तर घातले गेले. ऊर्जेवर जबर कर बसविला गेला, तोही लोकांनी सोसला. परिणाम असा, की १९७० च्या दशकापासून देशाचे उत्पन्न दुपटीहून अधिक वाढले, पण एकूण ऊर्जावापर वाढला नाही. मला हा विक्रम पवनचक्क्यांपेक्षा मोठा वाटतो.

चित्राला काळी बाजूही आहे. ज्या काळात पवनचक्क्या वाढल्या, त्याच काळात हा देश उत्तर समुद्रातून तेल काढीत होता. ते २०५० पर्यंत थांबविण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला. कोळशाच्या जागी जे लाकूड जाळले जाते, त्यातील बराच भाग परदेशांतून येतो; त्याला निर्मळ ऊर्जा म्हणावे काय, यावर तेथेच वाद आहे. वारा पडला की नॉर्वेच्या जलविद्युतेचा आधार समुद्राखालील तारांतून घ्यावा लागतो, आणि असा शेजारी सर्वांना लाभत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये समुद्रातील मोठ्या पवनप्रकल्पांसाठी मागविलेल्या निविदांना एकही प्रतिसाद आला नाही, आणि पुढील वर्षी सरकारला पुन्हा अर्थसाहाय्याची तयारी दाखवावी लागली. पन्नास वर्षांनंतरही मार्ग सपाट झालेला नाही.

आता आपल्या इंदूरविषयी दोन शब्द. या नगराचे पाणी नर्मदेवरून, जलूदहून, विंध्य चढून येते. ते चढविणाऱ्या पंपांचे वीजबिल हा महापालिकेवरील मोठा भार आहे. त्यासाठी ६० मेगावॅटचा सौरप्रकल्प उभारावा म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने हरित रोखे विक्रीस काढले आणि २४४ कोटी रुपये उभे केले. हे रोखे सामान्य नागरिकांसही खुले होते. डेन्मार्कच्या गावकऱ्याने चक्कीचा भाग घेतला, त्याच जातीचे हे पाऊल आहे. फरक इतकाच, की रोखेधारक प्रकल्पाचा मालक होत नाही, धनको होतो.

आपल्या शाळेत वर्गांची संख्या घटते आहे, विज्ञान मराठीतून शिकवावे की नाही यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत, हे मी जाणतो. त्या चर्चेत मी पडणार नाही. मात्र ला कूर आस्कोच्या शेतकरी मुलांना वीज डेनिश भाषेत शिकवीत होते, आणि गेडसरची पवनचक्की त्या वर्गातील एका मुलाने बांधली, एवढी नोंद कार्यकारिणीच्या पुढील सभेत वाचून दाखवावी, अशी माझी विनंती आहे. शाळेच्या गच्चीवर सौरपट्ट्या बसविण्याचा प्रस्ताव आला, तर त्यांची मोजणी व जमाखर्च आठवी-नववीच्या मुलांकडे सोपवावा, मराठीत लिहिलेल्या वहीत.