पुण्याची लस आणि विलायतेचा दरवाजा



माल पसंत, पण तो ज्या पिशवीत आला ती पिशवी नापसंत, असे गिऱ्हाईक आपल्या मंडईत कोणी पाहिले आहे काय? २०२१ साली ब्रिटन असे गिऱ्हाईक झाले होते.

ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली करोनाची लस आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होई, नाव कोविशील्ड. तिचे ५० लाख डोस खुद्द ब्रिटनने मागवून घेतले. पण तीच लस पुण्यात टोचून घेतलेला मनुष्य तिकडे निघाला, की तो न टोचलेल्यांत जमा! २२ सप्टेंबरला त्यांनी लस मान्य केली. दाखला मात्र मान्य नाही. म्हणून ४ ऑक्टोबरपासून निघण्यापूर्वी एक चाचणी, पोचल्यावर दोन, आणि १० दिवस घरात कोंडून घेणे. तेही ऐन विद्यापीठे उघडण्याच्या दिवसांत.

दाराशी पहारा ठेवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हे मी नाकारीत नाही. १८९७ च्या प्लेगात इथेही आगगाडीचे उतारू तपासत. त्याच साली झालेला साथरोग कायदा २०२० मध्ये आपल्याला पुन्हा लागू झाला. दाखला खोटा असू शकतो, ही शंकाही रास्त. पण मग दाखला तपासावा! आपल्या दाखल्यावर वय होते, जन्मतारीख नव्हती. ती घालणे हे कारकुनी काम. त्यासाठी माणूस कशाला कोंडायचा?

भारत सरकारनेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तसेच नियम लावले. मग ११ तारखेला ब्रिटनने आपला नियम काढला, १३ तारखेला आपण. मधल्या आठवड्यात जे विद्यार्थी पोचले, त्यांना मात्र जुनाच नियम भोवला.