पेशीच्या दारातला तोतया



पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या तोतयाची हकिगत महाराष्ट्राला नवी नाही. त्याच्यापाशी सगळ्यात मोठं हत्यार होतं ते भाऊसाहेबांचं नाव. मराठी विज्ञानलेखनातला जिवाणू मात्र अजून तोफा डागतच येतो. ‘हल्ला’, ‘आक्रमण’, ‘शरीराची सेना’ एवढ्या शिदोरीवर शाळेच्या पुस्तकापासून दवाखान्याच्या भिंतीपर्यंत सगळ्यांचं भागतं. अध्यक्षाच्या खुर्चीवरून आज एकच तक्रार मांडायची आहे, ती या भाषेबद्दल. कितीतरी रोगजंतू लढण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. ते त्या तोतयासारखे पेशीच्या नावानं खोटे हुकूम काढतात.

साल्मोनेला घ्या. टायफॉइडचा जिवाणू याच कुळातला. आतड्याच्या अस्तरातल्या पेशीचं जंतू गिळणं हे कामच नव्हे, तरी ती याला गिळते. साल्मोनेलाच्या अंगावर इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नळी असते, तिच्यातून तो आपली प्रथिनं पेशीत सोडतो. १९९८ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तिची घडण दिसली. तिचं भोक दोन-तीन नॅनोमीटरचं. इतकं बारीक, की प्रथिनाची घडी मोडून ते दोऱ्यासारखं ओवावं लागतं. पलीकडे पोहोचलं की ते पुन्हा घडी घालून कामाला लागतं.

त्यातल्या एका प्रथिनाचं नाव सोप-ई. पेशीत काही प्रथिनं दिव्याच्या बटणासारखी असतात: ती चालू झाली की पेशीचा सांगाडा, म्हणजे अ‍ॅक्टिनचे धागे, हलू लागतो. एरवी ही बटणं पेशी आपल्या गरजेनं दाबते. इथे सोप-ई दाबतं. पेशीच्या पृष्ठभागावर लाटा उसळतात, चुण्या पडतात आणि त्यांत लपेटलेला जिवाणू आत ओढला जातो.

खरी गंमत पुढेच आहे. मोडकं घर भाडेकरूलाही परवडत नाही. म्हणून त्याच नळीतून एसपीटीपी नावाचं दुसरं प्रथिन आत शिरतं आणि तीच बटणं बंद करतं. विस्कटलेली पेशी पुन्हा नीट बसते. पण एक दार उघडणारा आणि दुसरा लावणारा, दोघे बरोबरच आले तर दार उघडणार कसं? उत्तर २००३ साली मिळालं. पेशीची स्वतःची कचरा मोडणारी यंत्रणा सोप-ईला झटपट निकालात काढते. एसपीटीपी मात्र बराच वेळ टिकतं. म्हणजे दार कधी लावायचं याचं घड्याळसुद्धा जिवाणूनं यजमानाचंच वापरलं! वैऱ्याची असली, तरी या कारागिरीला दाद द्यावीच लागते.

१८९६ साली मुंबईनं ज्या प्लेगचा तडाखा खाल्ला, त्याचा जिवाणूही अशी नळी बाळगतो, पण उलट कामासाठी: गिळायला आलेल्या पेशीचं तोंड बांधायला. शिवाय तो वेषांतरही करतो. पिसवेच्या थंड अंगात त्याच्या आवरणातल्या एका मेदरेणूला सहा शेपट्या असतात. माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत नव्यानं घडणाऱ्या रेणूंना बहुतांशी चारच. आपल्या पहारेकरी पेशी सहा शेपट्या दिसल्या की बोंब ठोकतात, चारांकडे फारसं लक्ष देत नाहीत. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तेव्हा यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. लस तरीही निघाली, हेही विसरू नये.

सगळ्यांत निवांत क्षयाचा जिवाणू. भक्षक पेशी त्याला रीतसर गिळते. गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो, ती मग पाचक रसांच्या पिशवीला जुळायची आणि जंतूचा निकाल लागायचा, असा शिरस्ता. हा जिवाणू ती जुळणीच अडवतो. आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी १९७१ साली लंडनमध्ये ते दाखवून दिलं. ज्या कोठडीत मरायचं, तिथेच बिऱ्हाड! आणि घाई कसलीच नाही. ई. कोलाय जिवाणू पोषक वातावरणात वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी वीसेक तास लागतात. काही तर वाढ थांबवून नुसते पडून राहतात, आणि अशांवर औषध सावकाश लागू पडतं. साध्या क्षयालाही महिनोन् महिने, बहुधा सहा महिने, गोळ्या घ्याव्या लागतात त्या यामुळे.

लढाईचं चित्र इथे रुग्णाच्या अंगाशी येतं. खोकला थांबला, वजन भरू लागलं, की लढाई जिंकल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गोळ्यांचं पाकीट फळीवर पडून राहतं.

या सभागृहात आरोग्यपुस्तिका लिहिणारे, भाषांतर करणारे, भित्तिचित्रं काढणारे बसले आहेत. त्यांना एक विनंती. क्षयावरच्या पुढच्या पत्रकात तलवार उगारलेला पांढरा शिपाई काढू नका. एक पेशी काढा, तिच्या पोटात बिऱ्हाड करून बसलेला जंतू काढा आणि खाली ठळक अक्षरांत छापा: खोकला गेला तरी जंतू आत असू शकतो, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत गोळ्या चालू ठेवा.