विवेक वाढतो



हैदराबादेतील गौलीगुड्याच्या परिसरात उभे राहून मनाच्या वाढीविषयी बोलावयाचे, तर वक्त्याला दृष्टान्ताच्या शोधार्थ फार दूर जावे लागत नाही. निजामी अमलात दरबाराची आणि दफ्तराची भाषा उर्दू असताना, वकील केशवराव कोरटकरांसारख्यांच्या पुढाकाराने १९०७ च्या सुमारास मराठी मुलांसाठी जी पाठशाळा येथे निघाली, तिचे नाव ‘विवेकवर्धिनी’ ठेवले गेले. आणि त्या नामकरणात एक सिद्धान्तच सामावलेला आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. विवेक ही जन्मासोबत तोलून मिळालेली ठेव असती, तर तो वाढविण्यासाठी संस्था काढण्याचे प्रयोजनच उरले नसते.

परंतु आपल्या घराघरांतून जे बोलले जाते ते याच्या उलट असते. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असे म्हणून आपण मुलाच्या बुद्धीचा निवाडा करतो, आणि ‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून पत्नीचा, भावाचा, सुनेचा. पहिल्या म्हणीने कर्तृत्वाची वाट अडते, दुसरीने नात्यांची. आणि दोहोंच्या मुळाशी एकच समजूत असते, ती ही की माणूस जसा घडला तसाच राहावयाचा.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी या समजुतीचा आयुष्यभर अभ्यास केला. १९९८ साली त्यांनी व क्लॉडिया म्युलर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाचवीच्या वयाच्या काही मुलांची ‘तू हुशार आहेस’ अशी स्तुती करण्यात आली, तर काहींची ‘तू मेहनत घेतलीस’ अशी. पुढे मुद्दाम अवघड उदाहरणे देऊन त्यांना अपयशाचा अनुभव दिला, तेव्हा हुशारीची स्तुती ऐकलेली मुले खचली, आणि मेहनतीची स्तुती ऐकलेली अधिक नेटाने सोडवू लागली. मात्र यावरून, मुलाला दोन उत्साहाचे शब्द ऐकविले की कार्यभाग साधला, असे मानणे चुकीचे होईल. अमेरिकेतच सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मागे पडलेल्या मुलांना ‘बुद्धी वाढू शकते’ या उपदेशाने झालेला लाभ माफकच आढळला, आणि तोही सोबत्यांचे वातावरण अनुकूल होते तेथे अधिक. मला हा निष्कर्ष पहिल्याहून मोलाचा वाटतो. वाढणाऱ्या मनाला वाढू देणारे घर लागते, मित्र लागतात.

मन वाढते, या कथनाला विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या चरित्राइतके समर्थ उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. १५ जुलै १९३२ रोजी जन्मलेला, कुरुंद्याचा हा मुलगा शिक्षणासाठी हैदराबादेस आला, मराठीचे व्यासंगी प्राध्यापक असलेले मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिला, आणि मुसी नदीच्या पलीकडच्या तीरावरील सिटी कॉलेजात दाखल झाला. वाचन अफाट होते, पण ते अभ्यासक्रमाची हद्द जुमानणारे नव्हते. स्वातंत्र्यलढ्याचे वारेही अंगात होते. इंटरच्या परीक्षेत अपयश आले. पुढे नांदेडला जाऊन प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले. त्या काळी त्यांच्याविषयी कोणी शेरा लिहावयाचा म्हटला असता, तर ‘होतकरू होता, वाया गेला’ याहून निराळा काय लिहिला असता? परंतु कुरुंदकरांनी परीक्षकाचा निकाल हा आपल्या बुद्धीचा अखेरचा निकाल मानला नाही. शाळेत शिकवीत असताना पदव्या मिळविल्या, नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व मग प्राचार्य झाले, आणि साहित्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत ज्या विषयाला हात घातला त्यात महाराष्ट्राला नव्याने विचार करावयास लावले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत सभेच्या व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला, तेव्हा वयाची पन्नाशीही पुरी झालेली नव्हती.

नात्यांच्या बाबतीतही त्यांचेच एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. रणजित देसाई ‘श्रीमान योगी’ ही शिवछत्रपतींवरील कादंबरी लिहीत असताना कुरुंदकरांनी त्यांना शिवचरित्राविषयी एक दीर्घ पत्र लिहिले, आणि त्यात इतिहासाची परखड चिकित्सा केली. चिकित्सेला अवमान समजणारा लेखक असता, तर त्याने ते पत्र दप्तरात पुरून टाकले असते आणि स्नेहही त्यासोबत पुरला असता. देसाईंनी ते कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापले. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेत त्या मुद्रेलाच प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे ‘वर्धिष्णु’ म्हटले आहे. स्नेहालाही तेच लागू पडावे, असे हा प्रसंग आठवला की वाटते.

शिकत राहणाऱ्या मनाविषयी बोलताना सेतुमाधवराव पगडींचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला कृतघ्नपणाचे वाटेल. निलंग्यात जन्मलेला हा हैदराबाद संस्थानचा अंमलदार आदिलाबादेत गेला, तर तेथील गोंडांची व कोलामांची भाषा शिकला, त्यांची व्याकरणे लिहिली.  दुभाष्याकरवी जमाबंदी उरकून परतणे त्याला सहज शक्य होते. ज्यांच्यावर अंमल चालवावयाचा त्यांच्यापाशी विद्यार्थी होऊन बसणे, हे अधिकाऱ्याला अवघड जाते. आणि नवऱ्याला बायकोपाशी, सासूला सुनेपाशी तसे बसणे त्याहून अवघड जाते, हे आपण सारे जाणतो.

मी स्वतः शिक्षक होतो. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी ‘बुद्धी बेताची’ असा शेरा लिहिला, आणि त्याच्या वडिलांनी तो खाली मान घालून वाचलेला मी पाहिला. त्या वर्षी त्या मुलाने शाळा सोडली. शेरा खोडण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही, आणि आज इतक्या वर्षांनी या व्यासपीठावरून बोलण्यास मी उभा राहिलो, त्याचे खरे कारण तेच आहे.

येत्या काही दिवसांत परीक्षांचे निकाल लागतील. आपल्या, शेजारच्या, नात्यातल्या कोणा घरी एखादे मूल नापास होऊन परतेल. माझी आपणांस हात जोडून विनंती आहे की, त्या दिवशी त्याच्या बुद्धीविषयी कोणीही काही बोलू नये. त्याला शेजारी बसवून जेवू घालावे, आणि हल्ली तू काय वाचतोस, एवढे विचारावे.