पाणवठा खुला, वाट बंद



महाडमध्ये सुशिक्षितांच्या बेकारीचा विचार करताना आरंभ चवदार तळ्यापासून करणे उचित ठरते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर जाईपर्यंत हा ठराव दप्तरातच पडून राहिला. कागदावर हक्क असणे आणि तो माणसाच्या ओंजळीत येणे यांत केवढे अंतर असते, हे या गावाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आज नोकरीच्या जाहिरातीत ‘कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाचा पदवीधर’ असे शब्द असतात. पाणवठा सर्वांना खुला! परंतु मोठ्या कंपन्यांची माणसे निवडीसाठी जातात ती ठरावीक नामांकित महाविद्यालयांच्या आवारात. उरलेल्यांचे अर्ज चाळताना पहिली नजर पडते ती महाविद्यालयाच्या नावावर. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवरून एस. टी.ने तालुक्याला येऊन पदवी मिळवणाऱ्या मुलीचा अर्ज तिच्या गुणपत्रिकेपर्यंत पोहोचण्याआधीच बाजूला पडतो. तिला कोणी नापास केलेले नसते; तिची परीक्षाच झालेली नसते.

दुसरीकडे उद्योगपतींच्या सभासंमेलनांतून एक तक्रार सातत्याने ऐकू येते : जागा आहेत, पण लायक माणसे मिळत नाहीत. एकीकडे गुणवंतांचा दुष्काळ आणि दुसरीकडे पदवीधरांची बेकारी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

अर्थशास्त्राने या कोड्याचा उलगडा केलेला आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडले की, नेमणूक करतेवेळी मालकाला उमेदवाराची कुवत प्रत्यक्ष दिसत नाही. म्हणून तो पदवीसारख्या एखाद्या खुणेवर विसंबतो. या मांडणीसाठी त्यांना २००१ साली अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. नामांकित महाविद्यालयाचे नाव ही अशीच एक स्वस्त खूण आहे. निवडीचे कष्ट वाचतात, आणि माणूस चुकीचा निघाला तरी निवडणाऱ्याला दोष येत नाही. परंतु सर्वच मालक एकाच खुणेमागे लागले म्हणजे त्याच मूठभर तरुणांसाठी चढाओढ लागते, त्यांचे पगार चढतात, ते वर्षा-दोन वर्षांत दुसरीकडे जातात आणि टंचाईची ओरड सुरू होते. ही टंचाई बऱ्याच अंशी मालकांनी स्वतःच निर्माण केलेली आहे. एकाच विहिरीवर सर्वांनी पोहरे टाकायचे आणि गावात पाणी नाही म्हणायचे, असा हा प्रकार होय.

ही खूण कशाची असते, हेही पाहिले पाहिजे. सतरा-अठराव्या वर्षी दिलेल्या एका प्रवेशपरीक्षेत बापाची मिळकत, शिकवणी वर्गाची फी, घरातील इंग्रजी आणि शहरातले वास्तव्य यांचा वाटा मोठा असतो. त्या दिवसाचा निकाल आयुष्यभर कपाळावर वागवायचा, ही गोष्ट जन्मावरून पायरी ठरवण्याच्या फार जवळ जाते.

आणि जन्माची खूण अद्याप पुसली गेलेली नाही, याला पुरावा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. दलित आणि मुस्लिम नावांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. दिल्लीतील दुसऱ्या एका पाहणीत, जी २००९ साली प्रसिद्ध झाली, सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार असा फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र इतर मागासवर्गीय नावांच्या बाबतीत तो आढळला. यावरून एक अनुमान निघते. जेथे कौशल्य थेट तपासता येते तेथे नावाचे महत्त्व ओसरते. जेथे बोलणे-चालणे, ‘छाप पडणे’ यांवर निवड होते तेथे पूर्वग्रहाला वाव मिळतो.

मोठ्या विद्यापीठाचे नावही सर्वांना सारखे उपयोगी पडत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळू शकली नाही.

मालकवर्गाच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असे मात्र नव्हे. ग्रामीण महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनावर शिकवून घेतले जाते, प्रयोगशाळा अपुऱ्या असतात. हा दोष शासनाचा आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. परंतु महाविद्यालय दुबळे म्हणून त्यातला प्रत्येक विद्यार्थी दुबळा, हा निष्कर्ष तर्कदुष्ट आहे. माणसाची परीक्षा घ्यावी. त्याच्या गावाची घेऊ नये.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. सावित्रीच्या खोऱ्याने त्यांना जमीन दिली, पाणी दिले आणि त्यांच्या सांडपाण्याचा त्रासही सोसला. उत्तरेस लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कारखाना, विद्यापीठ आणि तरुण एका महामार्गावर असताना त्यांना जोडण्यासाठी केवळ सद्भावना पुरत नाही. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळवणे खाजगी मालकांवरही बंधनकारक केले होते, पण तेथून माणूस घेण्याचे बंधन नव्हते. १९२४ च्या ठरावाचीच ही दुसरी आवृत्ती.

‘भूमिपुत्रां’साठी जागा राखल्या की प्रश्न सुटेल, हा भ्रमही टाळावा. खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागा देणारा हरियाणाचा कायदा २०२३ साली उच्च न्यायालयाने रद्द केला. शिवाय परप्रांतीय मजूर हा या तरुणांचा शत्रू नाही. तोही त्याच चाळणीतून खाली पडलेला आहे.

मागणी अधिक साधी आणि अधिक मूलगामी असावी. प्रत्येक रिकामी जागा तालुक्याच्या महाविद्यालयांतही जाहीर व्हावी. पहिल्या फेरीत महाविद्यालयाचे आणि उमेदवाराचे नाव झाकून प्रत्यक्ष कामाची चाचणी घ्यावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. काम करता करता माणूस पारखण्याची याहून चांगली रीत कोणती? हा आकडा दरवर्षी कारखान्याच्या फाटकावर लावला जावा.

कार्यकर्त्यांनी या तीन मागण्या घेऊन महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांत आणि कारखान्यांच्या दारांत जावे. कामगार संघटनांनी त्यांना आपल्या मागणीपत्रांत स्थान द्यावे, कारण बाहेर ताटकळणारा पदवीधर हा आतल्या कामगाराचाच मुलगा किंवा मुलगी आहे. ठराव झालेला आहे. तळ्यापर्यंत चालत जाणे बाकी आहे.